एका वेळी एकच माणूस

"आता तुमी मला शिकवा. मला कायपण येत नाय असं समजा."

प्रत्येक रुग्णाला सगळं समजावून झालं की ती हे वाक्य म्हणायची, आणि हाताची घडी घालून वर्गातल्या ढ मुलीसारखा चेहरा करून बसायची. हे वाक्य लिहून काढायला मला सात-आठ वर्षं लागली. तिच्याबद्दल कुणी विचारलं की मी विषय बदलायचो. बायकोलाही पूर्ण सांगितलं नव्हतं, आता तीही नाही. माझं वय झालं आहे. आणखी टाळलं तर ही गोष्ट माझ्याबरोबरच जाईल, आणि तिच्या नावावर जे राहिलं आहे ते तसंच राहील. म्हणून लिहितो.

मी बोईसरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी औद्योगिक वसाहतीजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात बिलिंगच्या खिडकीवर बसू लागलो. हॉस्पिटल लहान होतं. तळमजल्यावर जिन्याखाली एक चिंचोळी खोली होती, तिथे पूर्वी ऑक्सिजनची रिकामी नळकांडी ठेवत. ती खोली तिला मिळाली होती. दोन खुर्च्या, एक स्टूल आणि लिंबांनी भरलेली परडी, एवढाच संसार.

लिंबं सुई टोचायला शिकवण्यासाठी. नवीन इन्शुलिन लागलेल्या माणसाच्या हातात ती लिंबू द्यायची. "याला दुखत नाय. याला टोचा, मग स्वतःला." संध्याकाळी ती लिंबं फेकायला तिच्या जिवावर यायचं. "घ्या काका, सरबत करा," म्हणायची. त्या लिंबांचं सरबत हॉस्पिटलात कुणी कधी प्यायलं नाही.

ती सातपाटीची. भावाची बोट होती, आई मासे वाळवायची. ही एकटी शिकली. नर्सिंग करून मधुमेहाच्या रुग्णांना शिकवण्याचा वेगळा कोर्स केलेला. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही. किनाऱ्याकडच्या बायका मात्र "बाय गो" म्हणून हाक मारत जिन्याखाली शिरायच्या.

तिचे प्रश्न ठरलेले. काम काय? पाळी कुठली? घरी रांधतं कोण? जेवता कधी, खरं सांगा? आणि शेवटचा, "उपास कुठले धरता?" डॉक्टरांच्या छापील कागदात यातलं काहीच नसे. त्यात रंगीत फळांची चित्रं होती.

एकदा सातपाटीचीच एक मासेवाली आली. "बाय, मना घड्याल नाय. आठ वाजता सुई म्हंजे कदी?"

"बर्फाची गाडी कधी येते बंदरावर?"

"ती येते की सकाळची."

"गाडी दिसली की सुई. सुई झाली की भाकर. भाकर पोटात गेल्याबिगर टोपली डोक्यावर घ्यायची नाय. आता तू मला शिकव."

त्या बाईने तिला असं काही दरडावून शिकवलं की माझ्या खिडकीपर्यंत ऐकू आलं.

उत्तरेकडून आलेल्या कामगारांशी ती हिंदी बोलायची, म्हणजे बोलते असं तिला वाटायचं. "पहिले सुई, बाद में लगेच खाना."

"लगेच मतलब, सिस्टर?"

"लगेच मतलब लगेच! एकदम! समोर ताट पाहिजे!" आणि ती ताटाचा गोल हवेत काढून दाखवायची. तो माणूस मान डोलवत बाहेर यायचा आणि जाताना मला पुन्हा सगळं म्हणून दाखवायचा. पाठ झालेलं असायचं.

तिच्या त्या खोलीकडे पहिली तीन वर्षं कुणी पाहिलं नाही. मग कारखान्यांच्या कामगारांसाठी जी वैद्यकीय योजना होती, तिच्या दरपत्रकात एक नवी ओळ आली. वैयक्तिक रुग्णशिक्षण. डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित माणसाने एका रुग्णाबरोबर एकट्याने बसून शिकवलं, तर त्याचं वेगळं बिल लावता येणार होतं. अटी साध्या. डॉक्टरांची चिठ्ठी, एका वेळी एकच माणूस, किमान वीस मिनिटं, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, आणि खाली दोघांच्या सह्या.

मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. म्हटलं, हिच्या कामाला अखेर किंमत आली. फॉर्मचा पहिला गठ्ठा मीच तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिने वरचा कागद उचलून वाचला आणि परत ठेवला.

"काका, आता हे लोक माझ्याकडे घड्याळ घेऊन बघणार."

तसंच झालं. आमचे व्यवस्थापक तोवर जिन्याखाली कधी वाकून गेले नव्हते, ते आता दिवसातून दोनदा डोकावू लागले. वीस मिनिटांचा नियम असताना ही एकेकाजवळ पाऊण तास का बसते? दुसरीकडे एक नवरा-बायको, दोघांनाही साखर, त्यांना तिने एकत्र बसवून शिकवलं. मी सांगितलं, असं चालत नाही, वेगवेगळे बसवा, दोन बिलं निघतील.

ती हसली. "एका टोपात शिजतं त्यांचं. आणि बिलं दोन?"

मी हसलो नाही. मला वरून विचारणा झाली होती.

आणखी एक तिची खोड होती. शिकलेलं उलटं शिकवून दाखवल्याशिवाय ती रुग्णाला फॉर्मवर सही करू देत नसे. एखाद्याला आज जमलं नाही तर उद्या, आणि घरी गेल्यावर कुणाचं अडलं तर ड्युटी संपवून ती त्याच्या घरी. त्यामुळे घरी सोडायच्या दिवशी कुणाचा तरी फॉर्म अडकलेला असायचा, आणि तो नसला की योजनेकडून अख्खी फाईल परत यायची. मग डॉक्टर मला बोलत, मी तिला बोले, ती रुग्णापाशी जाऊन बसे. हे चक्र रोजचं. तुम्ही कुठल्याही कचेरीत काम केलं असेल तर असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याच्यामुळे काम थांबतं, आणि त्याच्यामुळेच ते काम असतं.

त्या वर्षी डहाणूकडे जमीन अधूनमधून हलायची. आमच्याकडे फक्त टेबलावरचा पेला किणकिणायचा. सगळे क्षणभर बोलायचे थांबत आणि पुन्हा कामाला लागत. हळूहळू थांबणंही बंद झालं. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी त्या श्रावणात शिकलो.

नारळी पौर्णिमेला तिने आठवड्याची रजा मागितली. भावाची बोट पुन्हा समुद्रात जाणार होती, पूजा होती. व्यवस्थापकांनी मला बोलावलं. "ती नसताना फाईली अडकल्या तर मला चालणार नाही. तुम्ही बघा कसं ते."

मी पाहिलं. दहा कोरे फॉर्म घेऊन मी जिन्याखाली गेलो. "सिस्टर, खाली सही करून ठेवा."

"कोऱ्यावर? नाय."

"अहो, लोक घरी जायचे अडकतील. सणासुदीचे दिवस आहेत. त्यांची पोरंबाळं वाट बघत असतील."

हे मी मुद्दाम म्हटलं. ती कशाने विरघळते ते मला ठाऊक होतं. तिने दहाही फॉर्म एकेक करून मोजले. लिंबांच्या परडीवर एक माशी फिरत होती, तीही तिने उडवली नाही.

"एका अटीवर," ती म्हणाली. "ज्याचा ज्याचा फॉर्म वापराल त्याचं नाव आणि पत्ता लिहून ठेवा. मी आल्यावर एकेकाच्या घरी जाऊन शिकवीन. एक पण सुटता कामा नये, काका. कागदावर शिकलेला माणूस घरी जाऊन मरतो."

"लिहीन," मी म्हणालो.

तिने दहा सह्या केल्या. प्रत्येक सहीनंतर थांबून.

त्या आठवड्यात नऊ फॉर्म लागले. वेळा मी माझ्या हाताने भरल्या. अकरा दहा ते अकरा तीस. बारा ते बारा वीस. आणि एका कागदावर नावं लिहीत गेलो. आठ नावं लिहिली.

नववा माणूस मनोरच्या पुढच्या एका गावचा. तारापूरला एका कारखान्यात ऑपरेटर होता. आठवडाभर बोईसरला खोलीत राहायचा, सुटीला घरी जायचा, थोडी भातशेती होती. इन्शुलिन नव्यानेच लागलेलं. वॉर्डातल्या नर्सने सुई कशी टोचायची एवढं दाखवलं होतं. माझ्या खिडकीवर आला तेव्हा शर्टाची वरची गुंडी लावलेली, हातात पिशवी. मी फॉर्म पुढे केला.

"हे कशाचं, साहेब?"

"घरी जायचा कागद."

त्याने एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मग म्हणाला, "ते सुईचं कुनी नीट सांगनार होतं म्हनं?"

"सिस्टर येतील तुमच्या घरी."

"आमच्या गावाला? लई लांब हाय."

"येतील. त्या येतातच."

तो खूश होऊन गेला.

त्याचं नाव मी यादीत लिहिलं नाही. विसरलो नाही, हे पहिल्यांदाच लिहितो आहे. पेन हातात होतं. आदल्याच दिवशी व्यवस्थापक म्हणाले होते की सिस्टरचं हे घरोघर हिंडणं बंद झालं पाहिजे, त्याचं बिल लावता येत नाही. त्या गावाला एसटी दिवसातून दोनदा. ती गेली तर तिचा सबंध दिवस जाणार, त्या दिवशीचं एकही शिक्षण होणार नाही, आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागणार. पंधरा दिवसांनी तपासणीला येईलच तो, तेव्हा शिकेल, असं मनाशी म्हणालो आणि पेनाला टोपण लावलं.

ती रजेवरून आली ती नारळाच्या वड्या घेऊन. पहिल्यांदा यादी मागितली. "आठच?"

"आठच."

पुढच्या चार-पाच दिवसांत, ड्युटी संपली की ती रिक्षाने, एसटीने, कधी चालत जायची. दुसऱ्या दिवशी येऊन त्या नावावर रेघ मारायची. आठवी रेघ मारून तिने कागद माझ्याकडे दिला. "फाडून टाका आता. आणि पुन्हा असली सही मागू नका. मला झोप लागत नाय."

मी तिच्यासमोरच कागदाचे तुकडे केले.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. दुपारी एक जीप आमच्या दारात येऊन थांबली. मागच्या बाकावर तो ऑपरेटर होता. डॉक्टर जीपमध्येच चढले आणि लगेच उतरले. काही करायचं राहिलं नव्हतं.

त्याच्या बायकोने डोळे पुसले नाहीत. ती डॉक्टरांना पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. "डाक्तर, तुमी सांगितलं सुई चुकवायची नाय, आमी चुकवली नाय. सोमवार तं त्यांच्या बापापासून धरतात, तोपन मोडला नाय. दोन्ही पाळलं वो आमी. मंग चुकलं काय?"

सकाळी सुई टोचून तो उपाशीपोटी शेतात गेला होता. घरी आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी अशक्तपणा म्हणून बायकोने उपास धरू दिला नव्हता. या सोमवारी त्याला बरं वाटत होतं.

मी खिडकीत बसून होतो. उपास कुठले धरता, हा एक प्रश्न. तो विचारायला वीस मिनिटंही लागत नाहीत.

घरी सोडल्यानंतर महिन्याच्या आत रुग्ण दगावला की योजनेचा माणूस फाईल बघायला येत असे. तो आला. पानं उलटली. "वैयक्तिक शिक्षण झालेलं आहे. वेळ आहे, सह्या आहेत," असं म्हणून त्याने फाईल मिटली. हॉस्पिटलच्या बाजूने सगळं चोख होतं. तो जाणारच होता, इतक्यात ऑपरेटरची बायको दारात उभी राहिली. तिला मृत्यूच्या दाखल्यासाठी बोलावलेलं होतं.

"कुनी शिकवलं? ती ताई येनार होती म्हनून सांगितलेलं. आमी रोज वाट पायली. आलीच नाय."

व्यवस्थापकांनी तिला बाहेर बसवलं, योजनेच्या माणसाला चहाला पाठवलं आणि दार लावून घेतलं. आत ते, मी आणि सिस्टर. फॉर्म टेबलावर होता. तिने तो उचलला. तारीख पाहिली, वेळ पाहिली. माझं अक्षर तिला ओळखू येत होतं.

"या दिवशी मी सातपाटीला होते."

"सही तुमचीच ना?" व्यवस्थापक म्हणाले.

"सही माझीच हाय."

"मग झालं तर. कोऱ्या कागदावर सही करणं हा काय प्रकार आहे, ते तुम्हाला मी सांगायला हवं का? परवाना जाईल तुमचा. गप्प राहा, आम्हीही गप्प राहतो."

तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज मला आजही ऐकू येतो, कारण त्यात राग नव्हता. स्वतःवरचा संशय होता.

"काका, खरं सांगा. हे नाव यादीत होतं?"

मी काय म्हणणार यावर तिचं सगळं उभं होतं. नव्हतं म्हटलं असतं तर ती त्या खोलीतून ताठ मानेने बाहेर पडली असती. नोकरी गेली असती कदाचित, पण ती स्वतःजवळ खरी राहिली असती. आणि मग पुढचा प्रश्न मला आला असता.

टेबलावरचा पेला त्या दिवशी किणकिणला नाही. काहीच हललं नाही.

"होतं," मी म्हणालो.

भीतीने म्हणालो. याला दुसरं कारण नाही, आणि इतक्या वर्षांत मी पुष्कळ कारणं शोधली आहेत.

ती डोळे मिटून काहीतरी मोजत असल्यासारखी उभी राहिली. आठ घरं आठवत असावी. मग मान हलवली. माझ्या शब्दावर तिने विश्वास ठेवला आणि स्वतःच्या आठवणीवरचा काढून घेतला. दार उघडून ती बाहेर बाकाशी गेली, त्या बाईच्या पुढ्यात खाली जमिनीवर बसली, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "ताई, तुमच्या मालकांचं नाव माझ्याकडे होतं. माझ्या हातून सुटलं. चूक माझी हाय. मला माफ करा."

त्या बाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी खिडकीच्या काचेआडून पाहत होतो. माझी माफी दुसरीच कुणी मागत होती, आणि मला ती दिलीही जात होती.

योजनेची फाईल मिटली ती मिटलीच. त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली. जिन्याखालच्या खोलीत पुन्हा नळकांडी आली. रुग्णशिक्षण बंद झालं नाही, फॉर्म येतच राहिले. कुणीतरी वीस मिनिटं काहीतरी वाचून दाखवायचं. त्या फॉर्मची बिलं मी आणखी दोन वर्षं लावली.

नंतर ती मला एकदाच भेटली, पालघरच्या बाजारात. वाळवलेले बोंबील घेऊन आईबरोबर बसली होती. मी वळणारच होतो, पण तिने हाक मारली. "काका! बारीक झालात. साखर तपासली का?"

"तपासायची आहे."

शेजारची बाई म्हणाली, "हिलाच विचारा की. ही शिकवायची ना दवाखान्यात?"

तिने बोंबलांची जुडी सरळ केली. "नाय गो. आता मी कुणाला काय सांगत नाय. माझ्यावर भरवसा ठेवण्यासारखं नाय." मग मला म्हणाली, "डॉक्टरला विचारा, काका. नीट विचारून घ्या."

तिच्याकडून पावशेर बोंबील घेऊन मी घरी आलो. तेव्हा बोलता आलं असतं. भोवती गर्दी होती, तिची आई होती, असं मी स्वतःला सांगितलं.

यंदा मलाही सुई लागली. मोठ्या हॉस्पिटलात एका टीव्हीसमोर आम्हा पंधरा-वीस जणांना बसवून चित्रफीत दाखवली आणि दाराशी एकेकाची सही घेतली. मी सही केली. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सातपाटीला गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर तिची वहिनी जाळं दुरुस्त करत होती. मी माझं नाव सांगितलं, हॉस्पिटलात सिस्टरबरोबर होतो म्हणालो.

"या ना, बसा. पण ती गेली. माघात. ताप आला, चार दिवसात आटोपलं." वहिनीने पाणी दिलं. "तुमचं नाव घ्यायची ती. काका लई चांगले होते म्हणायची. माझ्या चुकीपायी त्यांनापण बोलणी खायला लागली असतील म्हणायची."

मी पाणी संपवून पेला खाली ठेवला.

"एका माणसाचं तिने मनाला लावून घेतलेलं, ते ठाऊक असेल तुम्हाला. दर श्रावणात मनोरच्या पुढे कुठेतरी जायची. त्या बाईला काय हवं नको बघायची, तांदूळ घेऊन जायची. तिची पोरगी शिकवली हिने. आमी म्हणायचो, अगं, बाकी सगळ्यांकडे गेलीस ना, एक सुटला तर सुटला. तर म्हणायची, सुटला कसा तेच आठवत नाय. तापातपण तेच."

बोलायचं ते तोंडापर्यंत आलं होतं. वहिनीने विचारलं, "चहा ठेवू?" मी नको म्हणालो, उठलो, चपला घातल्या. रिक्षापर्यंत चालत गेलो. तिथून एकदा मागे वळून पाहिलं. वहिनी पुन्हा जाळ्याला लागली होती.

सिस्टर, तुमच्या हातून काही सुटलं नाही. ते नाव यादीत नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. मला माफ…